फेनवे पार्कची तासाभराची फेरी आणि एका संघाचे शंभराहून अधिक हंगाम

उन्हाळ्यात भारतातून येणाऱ्या आईवडिलांना बॉस्टनमध्ये काय दाखवायचे, हा विषय इथल्या मराठी घरांत दर मे महिन्यात निघतो. हार्वर्डचे आवार, बंदर, देवमासे पाहायला नेणारी बोट अशी एक यादी ठरून गेलेली आहे. त्या यादीत मी गेली काही वर्षे आणखी एक नाव आग्रहाने घालत आले आहे. ते म्हणजे फेनवे पार्क, अर्थात बॉस्टन रेड सॉक्स या व्यावसायिक बेसबॉल संघाचे मैदान, आणि तिथे मार्गदर्शकासोबत करता येणारी सुमारे तासाभराची फेरी. ही फेरी मी आजवर तीनदा केली. पहिल्यांदा गेले तेव्हा मला बेसबॉलमधले ओ की ठो कळत नव्हते. दुसऱ्यांदा मुलाच्या वर्गातल्या पोरांना सांभाळायला म्हणून गेले. आणि तिसऱ्यांदा गेल्या उन्हाळ्यात, कोल्हापूरहून आलेल्या माझ्या बाबांना घेऊन गेले. पहिल्या खेपेला एक मोठी हिरवी भिंत पाहिली, तिच्यासमोर फोटो काढला आणि घरी आले. तिसऱ्या खेपेला मात्र तो तास संपूच नये असे वाटले. फेरी तीच होती. मधल्या काळात माझ्याकडून संघाचे जुने हंगाम वाचून झाले होते, एवढाच फरक. म्हणून हे परीक्षण लिहिताना मी फेरीबरोबर ते हंगामही सांगणार आहे, कारण त्यांच्यावाचून या मैदानाची गुणवत्ता पारखता येत नाही.

बेसबॉलची किमान माहिती आधी द्यायला हवी. अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक स्पर्धेत दोन लीग आहेत, अमेरिकन आणि नॅशनल. वसंतापासून सप्टेंबरअखेरपर्यंत जवळजवळ रोज सामना असतो आणि प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. रेड सॉक्स ज्या अमेरिकन लीगमध्ये आहे तिथे १९६० पर्यंत ही संख्या १५४ होती. दोन्ही लीगचे विजेते ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजमध्ये समोरासमोर येतात आणि जो संघ चार सामने आधी जिंकेल तो अजिंक्य ठरतो. पूर्वी उपांत्य फेऱ्या नव्हत्या. दीडशे सामन्यांच्या शेवटी जो संघ पहिला तोच लीगचा विजेता, आणि दुसऱ्या क्रमांकाच्या पदरात काही नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढे येणारी काही दुःखे नीट समजतात.

फेरीची सुरुवात बहुतेक वेळा निळ्या लाकडी खुर्च्यांपासून होते. या ओक लाकडाच्या खुर्च्या १९३४ च्या नूतनीकरणात बसवल्या गेल्या. त्या अरुंद आहेत आणि दोन ओळींमध्ये गुडघ्यांना जागा नाही. काही खुर्च्या तर खांबामागे येतात, म्हणजे तिकीट काढून माणूस खांब पाहत बसतो. आमच्या मार्गदर्शकाने, पांढऱ्या मिशांच्या आणि स्वच्छ आवाजाच्या एका गृहस्थाने, आम्हाला तिथे पाच मिनिटे नुसते बसवून ठेवले. बाबा म्हणाले, “अगं, आपल्या खासबाग मैदानात याच्यापेक्षा ऐसपैस बसता येतं.” ते खरेच आहे. पण मैदान इथून इतके जवळ आहे की सराव करणाऱ्या खेळाडूच्या हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. आजच्या प्रशस्त मैदानांत ही जवळीक विकत घ्यावी म्हटले तर खिसा रिकामा होतो.

हे मैदान २० एप्रिल १९१२ रोजी सुरू झाले. टायटॅनिक बुडून तेव्हा पाचच दिवस झाले होते आणि शहराच्या वर्तमानपत्रांत दुसऱ्या कशाला फारशी जागा नव्हती. पहिल्या सामन्यात बॉस्टनने न्यूयॉर्कला अकराव्या इनिंगमध्ये, म्हणजे नेहमीचे नऊ डाव बरोबरीत सुटल्यावर लांबलेल्या खेळात, ७-६ असे हरवले. मुंबईचे ब्रेबोर्न स्टेडियम १९३७ चे, म्हणजे त्याहूनही हे पाव शतकाने जुने. संघ मात्र मैदानापेक्षा वयाने मोठा आहे. १९०१ मध्ये अमेरिकन लीगबरोबरच त्याचा जन्म झाला. १९०३ मध्ये पहिली वर्ल्ड सिरीज खेळली गेली तेव्हा बॉस्टनने पिट्सबर्गला ५-३ असे हरवून ती जिंकली. त्या वर्षी नऊपैकी पाच सामने जिंकायचे होते. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, साय यंग त्या संघात होता. जिंकलेला सामना पिचरच्या नावावर मांडला जातो, आणि त्याचे कारकिर्दीतले ५११ विजय आजही कोणाला गाठता आलेले नाहीत. पुढच्या वर्षी बॉस्टनने पुन्हा लीग जिंकली, पण न्यूयॉर्क जायंट्सनी खेळायलाच नकार दिल्यामुळे १९०४ ची सिरीज झाली नाही. ‘रेड सॉक्स’, म्हणजे लाल मोजेवाले, हे नाव १९०८ च्या हंगामापासूनचे.

फेनवेतला पहिलाच हंगाम सोन्याचा होता. १०५ विजय आणि ४७ पराभव, स्मोकी जो वुड या पिचरचे एकट्याचे ३४ विजय, आणि शेवटी वर्ल्ड सिरीज. पाठोपाठ १९१५, १९१६ आणि १९१८ मध्येही हा संघ अजिंक्य ठरला. एकूण पाच वर्ल्ड सिरीज खेळला आणि पाचही जिंकला. त्या काळात न्यूयॉर्क यांकीज नावाच्या संघाच्या खात्यावर एकही नव्हती. आमचा मार्गदर्शक हे वाक्य बोलून थांबला, आणि समोर बसलेल्या यांकीजची टोपी घातलेल्या एका मुलाकडे पाहून हसला. इतका नेमका विराम आमच्याकडचा मुरलेला कीर्तनकारच घेऊ शकतो.

इथून बेब रूथची कथा येते, आणि ती प्रत्येक फेरीत येणारच. रूथ बॉस्टनकडे आला तो पिचर म्हणून. १९१६ मध्ये त्याने २३ आणि १९१७ मध्ये २४ सामने जिंकून दिले. पुढे त्याच्या बॅटचा पराक्रम एवढा वाढला की १९१९ मध्ये त्याने २९ होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखे थेट सीमेपार जाणारे फटके, मारले, जो तेव्हाचा विक्रम होता. त्याच वर्षाच्या अखेरीस मालक हॅरी फ्रेझी याने त्याला यांकीजना एक लाख डॉलरना विकले. सगळे एवढेच सांगतात. मला खरी लक्षणीय वाटते ती सौद्याची दुसरी बाजू. यांकीजच्या मालकाने फ्रेझीला तीन लाख डॉलरचे कर्जही दिले आणि त्यासाठी तारण ठेवले ते फेनवे पार्क. म्हणजे बॉस्टनने आपला सर्वोत्तम खेळाडू प्रतिस्पर्ध्याला विकला आणि राहते घरही त्याच्याकडेच गहाण टाकले. सावकाराच्या दारात उभ्या राहिलेल्या माणसाची गोष्ट आपल्या वाचकांना वेगळी समजावून सांगायला नको.

त्यानंतर फ्रेझीने आणखी चांगले खेळाडूही यांकीजकडे धाडले, आणि १९२२ ते १९३२ या अकरा हंगामांत रेड सॉक्स नऊ वेळा शेवटच्या क्रमांकावर राहिला. १९३२ मध्ये ४३ विजय आणि १११ पराभव झाले. १९२६ मध्ये डाव्या बाजूची प्रेक्षकांची लाकडी बाके आगीत जळाली, तर ती पुन्हा बांधायलाही पैसे नव्हते. या अकरा वर्षांना फेरीत दोन वाक्ये मिळाली. मला ती थोडी वाटली, पण पराभवाची अकरा वर्षे तासाभरात बसवायची म्हटले तर मार्गदर्शकाने तरी काय करावे? रूथला विकल्याचा ‘शाप’ म्हणून पुढे जे काही बोलले गेले त्याची मुळे मात्र या कर्जात आणि या रिकाम्या तिजोरीत आहेत, असे माझे मत आहे.

आता भिंत. डाव्या बाजूची ही भिंत ३७ फूट २ इंच उंच आहे आणि होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथून, तिचे टोक अवघ्या ३१० फुटांवर आहे. पलीकडे लान्सडाउन स्ट्रीट असल्यामुळे मैदानाला त्या दिशेने पसरायला जागाच नव्हती, म्हणून लांबीची उणीव उंचीने भरून काढली गेली. सुरुवातीला भिंतीच्या पायथ्याशी मातीचा चढ होता आणि डफी लुईस नावाचा खेळाडू त्यावर धावत चढून झेल घेण्यात इतका तरबेज झाला की लोक त्या चढाला डफीचा कडा म्हणू लागले. टॉम यॉकी या तिशीतल्या धनाढ्य तरुणाने १९३३ मध्ये संघ विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी मैदान जवळजवळ नव्याने बांधले; तेव्हा तो चढ गेला. भिंतीवर पूर्वी साबण आणि दाढीच्या पात्यांच्या जाहिराती असत. १९४७ मध्ये त्या पुसून भिंत हिरवी रंगवली गेली, तेव्हापासून ती ‘ग्रीन मॉन्स्टर’. तिच्यावरच्या खुर्च्या २००३ मधल्या.

फेरीतला सर्वोत्तम भाग म्हणजे या भिंतीवरच्या खुर्च्यांवर जाऊन बसणे. वारा जोराचा असतो, तेव्हा टोपी हातात धरावी. खाली पाहिले की भिंतीच्या पोटातला गुणफलक दिसतो. तो आजही हाताने चालवला जातो. आत माणसे बसतात आणि आकड्यांच्या पाट्या बदलतात. फलकावरच्या पांढऱ्या उभ्या रेषांत मोर्स लिपीतले ठिपके आणि रेघा आहेत, ती यॉकी आणि त्याच्या पत्नीच्या नावांची आद्याक्षरे. बाबांनी पोस्ट आणि तार खात्यात नोकरी केली असल्यामुळे मार्गदर्शकाने सांगण्याआधीच त्यांनी ती वाचून दाखवली, आणि त्या दिवसाचा खरा मान त्यांनाच मिळाला.

या भिंतीने बॉस्टनला दिले ते थोडे आणि हिरावले ते फार. दिलेल्यांत पहिला २१ ऑक्टोबर १९७५ चा सामना. सिनसिनाटीविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजचा तो सहावा सामना मध्यरात्र उलटून गेल्यावर बाराव्या इनिंगमध्ये संपला. कार्लटन फिस्कने मारलेला चेंडू डाव्या रेषेवरून उंच गेला आणि तो बाहेर पडू नये म्हणून फिस्क दोन्ही हात हलवून त्याला आत ढकलत राहिला. चेंडू रेषेवरच्या खांबाला लागला, म्हणजे आत धरला गेला, आणि सामना जिंकला गेला. फिस्कचे हे हातवारे टीव्हीवर टिपले गेले, त्याचे कारण सांगतात ते मजेशीर आहे. गुणफलकाच्या आत बसलेल्या कॅमेरामनच्या पायाजवळ एक भला मोठा उंदीर आला, त्याच्याकडे लक्ष राहिल्यामुळे त्याने चेंडूमागे कॅमेरा फिरवलाच नाही आणि तो फिस्कवरच राहिला. खेळाच्या प्रक्षेपणात त्यानंतर खेळाडूच्या चेहऱ्याला महत्त्व आले म्हणतात. दुसऱ्या दिवशीचा सातवा सामना बॉस्टन हरला, आणि सिरीजही.

हिरावलेल्यांत १९७८. जुलैमध्ये बॉस्टन यांकीजच्या १४ सामने पुढे होता. सप्टेंबरअखेर दोघे बरोबरीत आले आणि २ ऑक्टोबरला याच मैदानावर एकच निर्णायक सामना ठेवला गेला. सातव्या इनिंगपर्यंत बॉस्टनकडे २-० अशी आघाडी होती. मग यांकीजचा बकी डेंट, जो मोठ्या फटक्यांसाठी मुळीच प्रसिद्ध नव्हता, त्याने उचललेला चेंडू भिंतीवरून गेला आणि तीन धावा झाल्या. दुसऱ्या बहुतेक मैदानांवर तो साधा झेल झाला असता. ९९ विजय मिळवून बॉस्टनचा हंगाम त्या दुपारी संपला. यांकीजच्या टोपीवाल्या त्या मुलाला हे नाव ठाऊक होते, हे सांगायला नकोच.

उजव्या बाजूला वर पाहिले की हिरव्या खुर्च्यांच्या समुद्रात एकच लाल खुर्ची दिसते. विभाग ४२, रांग ३७, खुर्ची २१. ९ जून १९४६ रोजी टेड विल्यम्सने मारलेला चेंडू ५०२ फूट जाऊन तिथे बसलेल्या एका प्रेक्षकाच्या गवती टोपीवर आदळला. मला या खुर्चीपेक्षा विल्यम्सचा १९४१ चा हंगाम अधिक मोलाचा वाटतो, आणि क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकाला तो चटकन कळेल. बेसबॉलमध्ये फलंदाज दहापैकी तीनदा यशस्वी झाला तर तो उत्तम समजला जातो. हंगामभर दहापैकी चार वेळा यश म्हणजे जवळजवळ अशक्य. हंगामाच्या शेवटच्या दिवशी विल्यम्सची सरासरी ०.३९९५५ होती, म्हणजे जवळच्या अंकापर्यंत आणली की ०.४००. तो दिवस त्याने बाकावर बसून काढला असता तरी विक्रम त्याच्या नावावर लागला असता. त्या दिवशी फिलाडेल्फियात दोन सामने होते. तो दोन्ही खेळला, आठपैकी सहा वेळा यशस्वी झाला आणि ०.४०६ वर थांबला. त्यानंतर मुख्य लीगमध्ये पूर्ण हंगामात चारशेचा टप्पा आजतागायत कोणी ओलांडलेला नाही. ब्रॅडमनला शेवटच्या डावात चार धावा हव्या होत्या आणि तो शून्यावर गेला, ही हळहळ आपण पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. विल्यम्सच्या बाबतीत दैवाने उलट दान टाकले. मात्र त्याची १९४३ ते १९४५ ही तीन वर्षे महायुद्धात गेली आणि पुढे कोरियाच्या युद्धात लढाऊ विमान चालवण्यात आणखी जवळजवळ दोन हंगाम गेले. तरीही ५२१ होम रन झाले, त्यातला शेवटचा १९६० मध्ये याच मैदानावर, कारकिर्दीतल्या शेवटच्या चेंडूवर.

एवढा फलंदाज असूनही त्याला वर्ल्ड सिरीज खेळायला मिळाली ती एकदाच, १९४६ मध्ये. सेंट लुइसविरुद्ध सातवा सामना बॉस्टन हरला. १९४८ मध्ये क्लीव्हलंडविरुद्धचा निर्णायक सामना फेनवेतच हरला. १९४९ मध्ये शेवटचे दोन सामने यांकीजच्या मैदानावर होते आणि त्यांतला एक जिंकला असता तरी पुरे होते; दोन्ही गेले.

उजव्या बाजूच्या छताच्या कडेला संघाने सन्मानाने निवृत्त केलेले पोशाखक्रमांक लावले आहेत. आधी तिथे ९, ४, १, ८ अशी चारच होती आणि ती खेळाडूंना सन्मान मिळाल्याच्या क्रमाने होती. कोणाच्या तरी लक्षात आले की अमेरिकन पद्धतीने वाचले तर ती ४ सप्टेंबर १९१८ ही तारीख होते, आणि दुसऱ्या दिवशी सुरू झालेली सिरीज म्हणजे संघाने जिंकलेली शेवटची सिरीज. मग क्रम बदलून १, ४, ८, ९ करण्यात आला. पत्रिका बदलून घेण्याचा हा प्रकार पाहून बाबांना इथली माणसे एकदम आपलीशी वाटू लागली.

याच रांगेत ४२ हा आकडा आहे. तो रेड सॉक्सच्या कोणा खेळाडूचा नाही. जॅकी रॉबिन्सनच्या सन्मानार्थ तो क्रमांक सगळ्याच संघांनी निवृत्त केला आहे. पण फेनवेत तो पाहताना आणखी एक गोष्ट माहीत असायला हवी. १६ एप्रिल १९४५ रोजी रॉबिन्सन याच मैदानावर चाचणीसाठी आला होता. त्याच्याबरोबर सॅम जेथ्रो आणि मार्व्हिन विल्यम्स हे आणखी दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. इझाडोर मुचनिक या नगरसेवकाच्या दबावामुळे संघाने ती चाचणी घेतली आणि नंतर तिघांपैकी कोणालाही बोलावले नाही. रॉबिन्सनने १९४७ मध्ये ब्रुकलिनकडून खेळून वर्णभेदाची भिंत पाडली. जेथ्रो १९५० मध्ये बॉस्टनच्याच दुसऱ्या संघाकडून, म्हणजे ब्रेव्ह्जकडून, खेळला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला. रेड सॉक्सकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्पसी ग्रीन, उतरला तो २१ जुलै १९५९ रोजी. मुख्य लीगच्या सोळा संघांत असे करणारा हा शेवटचा संघ. रूथच्या विक्रीने शाप लागला म्हणून आपण इतकी वर्षे जिंकलो नाही, असे म्हणणे सोपे आहे. पण १९४७ ते १९५९ या बारा वर्षांत देशातल्या उत्तमोत्तम खेळाडूंना दार बंद ठेवणारा संघ जिंकला नाही, याला शाप कशाला हवा? मी हे मार्गदर्शकाला विचारले. त्याने टाळाटाळ न करता १९४५ ची हकीकत सगळ्यांना ऐकू जाईल अशी सांगितली, आणि मैदानाबाहेरच्या रस्त्याला १९७७ मध्ये दिलेले यॉकीचे नाव २०१८ मध्ये संघाच्याच विनंतीवरून काढून पुन्हा जर्सी स्ट्रीट करण्यात आले, हेही सांगितले. या उत्तरासाठी मी फेरीला अर्धा गुण वाढवून देते.

१९६७ चा हंगाम मला स्वतःला सगळ्यांत आवडतो. आदल्या वर्षी दहा संघांत नववा आलेला हा संघ त्या वर्षी शेवटच्या दिवशी लीग जिंकून बसला. कार्ल यास्त्रेम्स्कीने ०.३२६ सरासरी, ४४ होम रन आणि १२१ धावा घरी आणण्याची कामगिरी करून तिन्ही याद्यांत पहिले स्थान मिळवले. वर्ल्ड सिरीजमध्ये सेंट लुइसच्या बॉब गिब्सनने एकट्याने तीन सामने जिंकून बॉस्टनला पुन्हा सातव्या सामन्यात हरवले. तरीही जुने बॉस्टनकर त्या वर्षाबद्दल तक्रार करत नाहीत. त्याआधी मैदान अर्धे रिकामे असे. त्यानंतर लोक परत आले.

१९८६ ची जखम फेनवेत झालेली नाही, ती न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममधली. सहाव्या सामन्यात, दहाव्या इनिंगमध्ये, दोन खेळाडू बाद आणि दोन धावांची आघाडी असताना अजिंक्यपद एका बळीवर आले होते. समोरच्या न्यूयॉर्क मेट्स संघाने एकापाठोपाठ तीन फटके मारले, एका स्वैर चेंडूवर बरोबरी झाली, आणि अखेर एक सरपटता चेंडू बिल बकनरच्या पायांतून निघून गेला. दोष सगळा त्याच्या माथी आला. चेंडू त्याच्याकडे आला तेव्हा बरोबरी आधीच झालेली होती, आणि सातव्या सामन्यातही बॉस्टनने तीन धावांची आघाडी घालवली, हे कोणी ध्यानात घेतले नाही. कारकिर्दीत २,७१५ हिट, म्हणजे यशस्वी फटके, मारलेल्या माणसाला एका चेंडूवरून ओळखले जावे, हे वाईटच. २००८ च्या घरच्या पहिल्या सामन्यात संघाने त्याला बोलावून पहिला चेंडू टाकायला लावला तेव्हा सगळे मैदान उभे राहिले होते. मार्गदर्शकाने ती जागा बोटाने दाखवली.

आणि मग २००४. आदल्या वर्षी अमेरिकन लीगच्या अंतिम फेरीत सातव्या सामन्याच्या अकराव्या इनिंगमध्ये यांकीजनी हरवले होते. २००४ मध्ये त्याच फेरीत यांकीज ३-० असे पुढे गेले. तिसरा सामना तर फेनवेत १९-८ असा. मुख्य लीगच्या बेसबॉलमध्ये त्यापूर्वी ०-३ वरून कोणीही सात सामन्यांची मालिका जिंकली नव्हती. चौथ्या सामन्याच्या नवव्या इनिंगमध्ये बॉस्टन ४-३ असा मागे होता आणि समोर यांकीजचा भरवशाचा पिचर मारियानो रिव्हेरा होता. रिव्हेराचे चार चेंडू बाहेर गेल्यामुळे केविन मिलार फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या टप्प्यावर, पोचला, त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्स धावायला आला. सगळ्या मैदानाला माहीत होते की तो दुसरा बेस चोरणार, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच तिकडे पळत सुटणार, रिव्हेरालाही माहीत होते, आणि तरी त्याने तो चोरला. बिल म्यूलरच्या फटक्यावर तो घरी आला, आणि बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टिझच्या होम रनने सामना संपला. पाचवा सामना चौदा इनिंग चालला, तोही ऑर्टिझनेच संपवला. सहाव्यात कर्ट शिलिंगने घोट्याला टाके घालून चेंडू टाकले आणि त्याच्या मोज्यावर रक्त उतरले. संघाचे नाव इतके अक्षरशः खरे होईल असे कोणाला वाटले नसेल. सातवा सामना १०-३. पुढे सेंट लुइसला सलग चार सामन्यांत हरवून २७ ऑक्टोबर २००४ च्या रात्री, चंद्रग्रहण सुरू असताना, ८६ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. मुंबईने ओळीने पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकल्याचा अभिमान बाळगणाऱ्या घरात वाढलेल्या मला ८६ वर्षे थांबणे म्हणजे काय, हे समजायला बराच वेळ लागला.

पहिल्या बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे अंतर ९० फूट आहे. भिंतीवरून ते हातभर वाटते. बाबांनी रॉबर्ट्सची गोष्ट माझ्याकडून दोनदा ऐकली आणि मग बराच वेळ त्या मातीच्या पट्ट्याकडे पाहत राहिले.

नंतरचे हंगाम मी लवकर उरकते, कारण यश सांगण्यात फारशी गंमत नाही. २००७ मध्ये कोलोरॅडोला सलग चारदा हरवून पुन्हा अजिंक्यपद मिळाले. २०१२ मध्ये ९३ पराभव आणि तळाचा क्रमांक, आणि लगेच २०१३ मध्ये पुन्हा अजिंक्यपद. त्या वर्षी एप्रिलमध्ये शहराच्या मॅरेथॉनमध्ये बाँबस्फोट झाले होते, आणि सिरीज घरच्या मैदानावर जिंकली गेली ती १९१८ नंतर प्रथमच. २०१८ मध्ये तर १०८ विजय, आणि वर्ल्ड सिरीजमध्ये लॉस एंजेलिसविरुद्ध ४-१. पण २०२० च्या फेब्रुवारीत मुकी बेट्ससारख्या खेळाडूला त्याच लॉस एंजेलिसकडे धाडले, आणि २०२०, २०२२ व २०२३ या तिन्ही हंगामांत संघ आपल्या गटात शेवटचा आला. १९१९ आठवणाऱ्या माणसांनी काय म्हटले असेल त्याची कल्पना करावी.

आता व्यवहाराचे. तिकीट संघाच्या अधिकृत खिडकीवरून किंवा अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. दुसऱ्या खेपेला मी घाईत एका त्रयस्थ पुनर्विक्रेत्याकडून तिकिटे घेतली आणि प्रत्येकामागे बरेच जादा पैसे मोजले, वर वेळही चुकीची मिळाली. घरचा सामना असलेल्या दिवशी फेऱ्या लवकर आटोपतात, तेव्हा वेळ आधी पाहून जावे. तरीही शक्य असेल तर सामन्याच्याच दिवशी जावे, कारण सरावाचा आवाज आणि गवतावर फिरणारी माणसे यांनी मैदान जागे असते. गाडी नेऊ नये, परिसरात ती ठेवण्याचे भाडे तिकिटापेक्षा महाग पडू शकते. ग्रीन लाइन या शहरातल्या रेल्वेने केनमोर स्थानकावर उतरून पाच-सात मिनिटे चालावे. चढउतार भरपूर आहेत. पंच्याहत्तरीच्या बाबांना दोनदा थांबावे लागले आणि दोन्ही वेळा आमचा गट त्यांच्यासाठी थांबला. शाकाहारी माणसाने घरून खाऊन निघावे. बाहेरच्या गाड्यांवर कांदा आणि ढोबळी मिरची परतल्याचा सुंदर वास येतो, पण ती सॉसेजसोबत असते.

फेरीचा मार्ग रोज तोच नसतो. कधी पत्रकारांची खोली दाखवतात, कधी ती बंद असते. भिंतीवर नेणार का, एवढे मात्र सुरुवातीलाच विचारून घ्यावे. गुणफलकाच्या आतल्या खोलीत आम्हाला तीनपैकी एकदाही जाता आले नाही, आणि तिथल्या भिंतींवर खेळाडूंनी केलेल्या सह्या पाहायची माझी इच्छा अजून राहिली आहे. तासभर या मैदानाला कमी पडतो. दीड तासाची, थोडी महाग आणि लहान गटाची फेरी असेल तर मी आनंदाने पैसे देईन. पाचपैकी माझे चार गुण, आणि १९४५ च्या उत्तराचा तो अर्धा.

बाहेर पडल्यावर बाबांनी दुकानातून स्वतःसाठी टोपी घेतली. पाठीवर क्रमांक असलेला सदरा हवा का, असे विक्रेत्या मुलीने विचारले, तेव्हा त्यांनी मला ९ क्रमांक मागायला सांगितला. त्यांच्या मापाचा नव्हता. आता तो पुढच्या उन्हाळ्यात घ्यायचा आहे.